खाटेवरचा ठोका

पेढ्याचा संशय खरा ठरला, आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

चौगुल्यांच्या नातवाचं बारसं आटोपून मगदूम सर घरी आले आणि पुढच्या खोलीतल्या आरामखुर्चीत टेकले. हृदयाची शस्त्रक्रिया होऊन एक पावसाळा गेला होता. गोड बंद, तळलेलं बंद, जिना चढणं बंद, आणि सरांच्या मते बोलणं तेवढं चालू. त्रिशलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "पेढा नाही ना खाल्लात?"

"छे, हातसुद्धा लावला नाही."

बाईंच्या डाव्या हातात फोन होता. पडद्यावर सरांच्या हृदयाची हिरवी रेघ संथ चालली होती. पेढ्याचं नाव निघालं आणि रेघ दचकली. एकदम दाटीवाटीने ठोके आले, मग हळूहळू पांगले. बाई नुसत्या बघत राहिल्या. त्या बघण्यापुढे सरांचा निभाव लागला नाही.

"एकच खाल्ला ओ. बारशाचा होता, नको कसं म्हणायचं?"

दोघंही हसली. हसता हसता सरांनी भिंतीवरच्या डबीकडे एकदा बघितलं. ते बाईंनी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. आपल्या हाती काहीतरी लागलंय, याचाच त्यांना आनंद झाला होता.

डबीचं खरं नाव 'सोबत'. चंदना, त्यांची एकुलती मुलगी, बंगळुरूला ज्या कंपनीत होती तिथेच ती बनायची. घरी एकट्यादुकट्या राहणाऱ्या वयस्कांसाठी देशभर अशा डब्या लागू लागल्या होत्या. ना अंगाला पट्टा, ना हाताला घड्याळ. भिंतीवर पंज्याएवढी पांढरी डबी, तिच्यात काचेची कुपी, आणि कुपीत रुबिडियम धातूची चिमूटभर वाफ. घरातल्या कुठल्याही खोलीत कुणाचंही हृदय चालू असलं की डबी ते ऐकायची. सर मिरजेच्या कॉलेजात जन्मभर पदार्थविज्ञान शिकवत आले होते, त्यांना समजावण्याची गरज नव्हती. चंदना डबी बसवायला आली तेव्हा तिने आईलाच समोर बसवून सांगितलं.

एरवी अणूतला इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी अंगाशी असतो, आईचा पदर धरून राहिलेल्या पोरासारखा. नेमक्या रंगाचा लेझर टाकला की तो उचलला जातो आणि हजारो पट लांबच्या कक्षेत जाऊन फिरू लागतो. तिथे केंद्रकाची पकड इतकी सैल असते की जवळून एखादं क्षीण विद्युतक्षेत्र गेलं तरी इलेक्ट्रॉन हलतो. आणि माणसाचं हृदय तर प्रत्येक ठोक्याला असंच क्षीण क्षेत्र बाहेर सोडत असतं.

"अडचण काय होती माहितेय का आई? तो एका जागी सापडायचाच नाही. तू बस्तीला प्रदक्षिणा घालणारा घोळका आठव."

बस्ती म्हणजे त्यांचं पार्श्वनाथांचं देऊळ. घोळका एकत्र निघतो, पण तरण्या पोरी पुढे सटकतात, म्हाताऱ्या मागे रेंगाळतात. चार फेऱ्या झाल्या की बायका वेढाभर पसरलेल्या असतात आणि घोळका कुठाय म्हणून विचारलं तर बोट दाखवता येत नाही. इलेक्ट्रॉन हाही टिंब नसतो, लाटांचा घोळकाच असतो; फिरता फिरता कक्षाभर विखरून जातो. पण फेरीच्या चालीतच कुणी झांज वाजवत बरोबर चाललं तर? पुढच्या थबकतात, मागच्या पाय उचलतात, घोळका टिकतो. डबीतली झांज म्हणजे सूक्ष्मलहरी. मायक्रोवेव्हच्या भट्टीतल्या लहरींच्याच जातीच्या, मात्र अतिशय मंद आणि इलेक्ट्रॉनच्या फेरीशी ताल जुळवलेल्या. त्यांच्या धाकात इलेक्ट्रॉन एकजूट फिरत राहतो. मग बाहेरून ठोक्याचं क्षेत्र आलं की तो तालाच्या किंचित मागेपुढे होतो, आणि दुसरा लेझर तेवढंच टिपून घेतो. ज्याची त्याची ठोक्याची ढब वेगळी, म्हणून घरात कोण आहे हेही कळतं.

बाईंना ते सगळं समजलं. एवढंच विचारलं त्यांनी, की आपलं ऐकलं जातंय हे त्या माणसाला कळतं का.

"कळायचं काय त्यात?" चंदना म्हणाली. "काही टोचत नाही की दुखत नाही."

त्रिशलाबाई अणुव्रतं पाळणाऱ्या. पाणी गाळून प्यायच्या, दिवस मावळायच्या आत जेवायच्या, आणि रोज सकाळी दोन घटका सामायिकाला बसायच्या. डोळे मिटून, हलायचं नाही, कुणाविषयी राग नाही की लोभ नाही. पाच व्रतांत अचौर्याचं व्रत त्यांना सगळ्यांत सोपं वाटायचं. न दिलेलं घ्यायचं नाही. शेजारच्या कुंपणावरून लोंबणारं जास्वंदाचं फूलसुद्धा त्यांनी कधी न विचारता तोडलं नव्हतं.

पेढ्यानंतर मात्र त्यांना चाळा लागला. भाजी छान झालीय म्हणाले, की रेघेकडे नजर. औषध घेतलं म्हणाले, की रेघेकडे नजर. बहुतेक वेळा काहीच निघायचं नाही. एका दुपारी वाटाणे सोलता सोलता त्या गावातल्या बातम्या सांगत होत्या. उपाध्यांनी घर विकायला काढलंय, चौगुले गाडी घेतायत, आणि तुमच्या त्या गोगटे मॅडम पुण्याहून कायमच्या मिरजेला आल्यात म्हणे.

रेघ उसळली.

सर पेपर वाचत होते. पान उलटलं आणि म्हणाले, "असं का? बरं झालं."

विदुला गोगटे म्हणजे कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या. शेजारशेजारच्या प्रयोगशाळा, पुष्कळ वर्षं. बाईंनी त्यांना दोन-तीनदा पाहिलं होतं. खादीची साडी, मोठं हसणं. त्यात संशय घेण्याजोगं काहीच नव्हतं. तरी दोन दिवसांनी बाईंनी बोलण्यात ते नाव पुन्हा आणलं, आणि रेघ पुन्हा उसळली. तिसऱ्यांदा आणलं तेव्हा आपण काय करतोय हे त्यांना लख्ख कळत होतं, आणि तरी त्यांनी ते आणलं.

दुपारी बाई बस्तीत स्वाध्यायाला जायच्या. पंडितजी ग्रंथ वाचायचे, बायका ऐकायच्या. फोन मांडीवर पदराखाली असायचा. जाताना सर खाटेवर पडलेले असत, आणि पडद्यावर त्यांची रेघ झोपेच्या चालीने जात असे. एकदा, वाचन संपत आलं असताना, रेघेखाली अक्षरं उमटली. घरात व्यक्ती दोन. दुसऱ्या व्यक्तीची ओळख पटत नाही. बाईंनी डोळे चोळेपर्यंत अक्षरं गेली आणि पुन्हा एकटे सर उरले.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, कुणी आलं होतं का. कोण येणार, सर म्हणाले. त्यांच्या केसांना घाम होता. त्या आठवड्यात तीच अक्षरं आणखी एकदा आली, तशीच, वाचन संपायच्या सुमारास. बाईंना ग्रंथातलं एक अक्षर ऐकू येईना. समोर पार्श्वनाथांची मूर्ती, आणि डोळ्यांपुढे आपल्याच स्वयंपाकघरात चहा ठेवणारी खादीची साडी.

पंडितजींना ताप आला आणि वाचन सुरू होताच थांबलं. बाई रिक्षा करून निघाल्या. गल्लीच्या तोंडाशी उतरल्या, चपला हातात घेतल्या, आपल्याच घरात चोरासारख्या शिरल्या. फोनवर सर झोपले होते. रेघ इतकी संथ होती की हेवा वाटावा. बाईंनी खोलीचं दार ढकललं.

खाटेवर कुणी नव्हतं.

त्यांनी फोन बघितला. सर झोपलेले. खाट बघितली. उशी, तिच्यावर नीट ओढलेली चादर. न्हाणीघरात कुणी नाही, मागच्या अंगणात नाही. पुन्हा खोलीत आल्या आणि फोन पुढे धरून उभ्या राहिल्या. नवऱ्याचं हृदय समोर चालू होतं, ठोक्यामागून ठोका, आणि नवरा नव्हता. भीतीने त्यांच्या तोंडात णमोकार मंत्र आला. मग त्यांनी चादर उचलली.

उशीखाली पापडाएवढ्या दोन तांब्याच्या चकत्या होत्या. मधे एक हिरवी पट्टी, बारीक तारा, एक बॅटरी. बाईंनी ते हातात घेतलं. गरम नव्हतं, थरथरत नव्हतं, काहीच कळत नव्हतं. फक्त फोन सांगत होता की मगदूम सरांचं हृदय आता खोलीभर फिरतंय.

ते जसं होतं तसं ठेवून बाईंनी चादर ओढली, घर बंद केलं आणि बस्तीच्या पायऱ्यांवर जाऊन नेहमीच्या वेळेपर्यंत बसून राहिल्या. दिवस मावळायच्या आधी दोघं जेवायला बसली. झोप लागली का, असं त्यांनी विचारलं. छान लागली, सर म्हणाले. फोन त्या वेळी दुसऱ्या खोलीत होता. त्याची गरजही नव्हती.

पुढचे काही दिवस बाईंनी तोंड उघडलं नाही. सरांच्या छातीत काही झालं तर ते त्या दुपारच्या वेळेतच होणार, रस्त्यात किंवा त्या बाईच्या घरात. आणि इकडे डबी सगळं ठीक आहे म्हणत राहणार, या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना. सांगितलं तर सर काय उत्तर देतील, याची त्याहून जास्त भीती होती. सकाळी सामायिकाला बसत, डोळे मिटत, आणि मिटल्या डोळ्यांनी सरांच्या मागे मागे मिरजेच्या गल्ल्या फिरत.

चंदनाचा फोन आला तो अशाच एका सकाळी, बाई आसनावरून उठतायत तोवर. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग ती म्हणाली, "आई, तुला बरं नाहीये का?"

"मला काय झालंय?"

"सकाळी तू सामायिकाला बसतेस ना, तेव्हा तुझे ठोके वाढतात. पळत असल्यासारखे. आधी असं नव्हतं, मी मागचं काढून बघितलं. तू बसतेस ना नक्की, की कामं करत असतेस?"

बाई भिंतीला टेकल्या. "तू माझंही बघतेस?"

"दोघांचं बघते. त्यासाठीच तर लावलंय. अण्णांचं बघ दुपारचं, किती शांत असतात. तसं पाहिजे."

फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ त्या आसनाकडे बघत राहिल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून या चौकोनात त्या एकट्या बसत आल्या होत्या. सासूशी भांडून बसल्या होत्या, मूल गेलं तेव्हा बसल्या होत्या. आत काय चाललंय ते भगवंतांशिवाय कुणाला ठाऊक नसायचं, आणि ते तर कधी विचारत नाहीत. आता बंगळुरूला बसून पोटची पोर सांगत होती की आई, तुझं सामायिक खोटं आहे. खरंच होतं ते तिचं. तेच लागलं बाईंना. दार न वाजवता कुणी न्हाणीघरात यावं तसं अंग चोरावंसं वाटलं.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर, अजून उजेड होता, बाईंनी तांब्याच्या चकत्या आणून सरांच्या पुढे ठेवल्या.

सरांनी चकत्यांकडे बघितलं. मग चष्मा काढला, उपरण्याने पुसला. बाईंना वाटलं होतं ते खोटं बोलतील, किंवा चिडतील. तसलं काहीच झालं नाही. आपलेच ठोके रात्रभर टिपून घेतले आणि पट्टीत भरले, असं त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. परत आल्यावर ही बंद करेपर्यंत घरात एकाच माणसाचे दोन ठोके होतात, आणि डबी गोंधळते.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"पेढ्यापासून."

"एका पेढ्यासाठी?"

"मी तुला सांगणारच होतो गं. पाणी पिऊन झालं की सांगणार होतो. तुझी बोलणी खाल्ली असती, हसलो असतो. तू थांबली नाहीस. माझ्या तोंडातून यायच्या आधी ते तू काढून घेतलंस."

बाई खाली बघत होत्या. सर जातात कुठे ते त्यांनी विचारलं नाही, सरांनीच सांगितलं. सतारी बनवतात त्या गल्लीत हुसेनभाईंचं दुकान आहे, तिथे. हुसेनभाई तंबोऱ्याच्या तारांखालच्या घोडीवर कानस चालवतात, तार छेडतात, पुन्हा कानस चालवतात. सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतात. तिथे कुणी प्रकृती विचारत नाही. ऐकणारे ते असतात, ऐकलं जाणारं दुसरंच काही असतं.

"आणि गोगटे मॅडम?"

विचारायचं नव्हतं ते विचारून झालं. सरांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि बाईंना पहिल्यांदा वाटलं की या माणसाला आपण दुखवलं आहे.

"तिला अजून भेटलेलो नाही," ते म्हणाले. "तिचं नाव निघालं की छातीत काहीतरी होतं, एवढं मला कळतं. काय आहे ते माझं मलाच नीट उमगलेलं नाही. ते तुला आधी कळलं, त्रिशला. माझ्या आधी."

खरं की खोटं? बाईंची बोटं आपोआप कमरेला खोचलेल्या फोनकडे गेली. एकदा बघितलं असतं तर कळलं असतं. रेघ शांत असती तर खरं, उसळली असती तर खोटं. निदान तसं मानता आलं असतं. बोटं फोनवर टेकली, आणि बाईंनी ती हळूच मागे घेतली. सरांनी ते पाहिलं की नाही कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी पार्श्वनाथांच्या वेदीसमोर उभं राहून बाईंनी नियम घेतला: त्यांनी सांगितलं नाही ते घेणार नाही. मग घरी येऊन चंदनाला फोन लावला आणि चकत्यांपासून सगळं सांगितलं, कारण सत्याचंही व्रत होतं.

पलीकडून इंजिनियर पोरीचा पहिला प्रश्न: कसं जमवलं अण्णांनी? आणि त्यानंतर रडू. नवी डबी येतेय, असली फसवणूक ती ओळखेल, तोवर ही बंद करू नका, तिने परोपरीने सांगितलं. "मी इतक्या लांब आई. ती रेघ दिसते म्हणून मला झोप लागते."

"मी रोज तुला फोन करीन," बाई म्हणाल्या. "माझं असेल ते खरं सांगीन. त्यांचं ते सांगतील."

"आणि त्यांना काही झालं तर? तुला कळणारसुद्धा नाही."

नाही कळणार, बाई म्हणाल्या. आणि अण्णांनी तुला हे बोलायला लावलं ना, असं चंदनाने विचारलं तेव्हा नाही म्हणाल्या. पण तिला ते पटलेलं नाही हे आवाजावरूनच समजलं. डबीची पिन त्यांनी स्वतःच्या हाताने काढली.

दुपारी सर पुढच्या दाराने निघाले. कोपऱ्यावर वळताना ते सतारीच्या गल्लीकडे वळतात की उलट्या बाजूला, हे खिडकीतून दिसलं असतं. बाई खिडकीकडे गेल्या नाहीत. त्यांनी तांदूळ निवडले, देव्हारा पुसला, नंतर आसन घालून वेळ नसताना सामायिकाला बसल्या. डोळे मिटले की सर रस्त्याच्या कडेला पडलेले दिसत. उघडले की खादीच्या साडीशेजारी बसलेले दिसत. दोन्हींत कुठलं अधिक नको आहे, ते ठरवता येईना, आणि या गोष्टीची त्यांना लाज वाटली.

ऊन भिंतीवरून वर सरकलं. जेवणाची वेळ झाली, सर आले नाहीत. भाकऱ्या झाकून ठेवल्या होत्या. एकटीने बसून जेवता आलं असतं. बाई बसल्या नाहीत. हुसेनभाईंच्या दुकानाला फोन असणार. सर कॉलेजातल्या कुणाकडे गेले असतील तर तेही दोन फोनांत कळलं असतं. फोन स्वयंपाकघरात फडताळात होता. बाई फडताळापाशी दोनदा जाऊन आल्या. शेवटी अंगणातल्या पायरीवर बसल्या. मिणमिणता उजेड होता तोही गेला, दिवस मावळला, आणि आजचं जेवण चुकलं.

फाटक वाजलं तेव्हा त्या उठल्या नाहीत. सर आत आले, पाय धुतले, पायरीवर त्यांच्याशेजारी बसले. धाप लागलेली नव्हती. अंगाला कसलाही वेगळा वास नव्हता. बाईंनी तो घेतला, आणि घेतला म्हणून स्वतःवर रागावल्या.

"जेवली नाहीस?"

"नाही."

"उशीर झाला. म्हणजे काय झालं, की..." सर थांबले.

"सांगायचं असेल तर सांगा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"आज नको," ते म्हणाले. "सांगीन. पण आज नको."

बाईंनी मान हलवली आणि पाणी आणायला उठल्या. त्यांच्या छातीत त्या वेळी ढोल वाजत होता. सरांना सहज ऐकू जाईल असं त्यांना वाटलं. पण सर काही म्हणाले नाहीत, बंगळुरूहून फोन आला नाही. दाराच्या चौकटीला हात टेकून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. आत जे काही चाललं होतं ते साऱ्या जगात त्यांच्या एकटीपाशी होतं.